गाव वर आहे

सत्तावीस वर्षं किउझी स्टेशनातल्या बारमध्ये
मी एकच उत्तर देत आले.
गाडीतून उतरलेला माणूस
आधी पाणी मागतो, मग कॉफी,
मग बॅग दोन पायांत घट्ट धरून विचारतो,
गाव कुठाय?
वर, म्हणते मी, आणि बोट दाखवते
छताकडे, म्हणजे पंख्याकडे.
आमच्याकडे रूळ शहाण्यासारखे दरीतून जातात
आणि गावं डोंगरावर बसलेली, रुसून.
कोणी कोणाकडे जायचं
हे दोघांचं अजून ठरलेलं नाही.

ऑक्टोबरात माझी नऊ दिवसांची रजा आहे.
जुन्या बिलांच्या पाठकोऱ्या बाजूला मार्ग लिहिते आहे:
तेरोंतोला, तिथे गाडी बदलायची,
पेरूजा, असीसी, स्पेल्लो,
फोलिन्योला पुन्हा बदलायची,
त्रेव्ही, स्पोलेतो, नार्नी,
ओर्तेहून वळून ओर्व्हिएतो,
आणि परत इथेच.
गोल, चुंबळीसारखा.

सेत्तिमियो रोज साडेदहाला येतो.
सिग्नलमन होता; अजूनही
प्रत्येक गाडीला मनातल्या मनात हिरवा देतो.
त्याने चष्मा कपाळावर चढवला, कागद नाकाशी नेला.
"फोलिन्योला सहा मिनिटं? बाई,
जिना उतरायचा, जिना चढायचा,
आणि तुझा गुडघा?"
सहाची त्याने चाळीस केली.
माझ्या गुडघ्याची नोंद रेल्वेकडे नाही,
सेत्तिमियोकडे आहे.

घरी गास्तोनेने विचारलं, एकटीच का?
शेंगा सोलता सोलता,
मीठ घातलंस का विचारावं तसं.
मला उत्तर सापडेना.
त्याच्याशी भांडण नाही, घोरणं सोडलं तर तक्रार नाही.
पण तो बरोबर असला की मी जे बघते
ते त्याला दाखवण्यासाठी बघते.
ते बघ, म्हणेपर्यंत
निम्मं निघून गेलेलं असतं.
हे मी बोलले नाही.
म्हटलं, तुला चढ झेपत नाहीत.
मलाही झेपत नाहीत.

दुरून डोंगर साजरे, खोटं नाही ते.
काचेतून ही सगळी गावं साजरीच होती:
लग्नाला जाताना, इस्पितळात जाताना,
भाच्याच्या खटल्यासाठी पेरूजाला जाताना.
स्पेल्लो म्हणजे चार सेकंद गुलाबी दगड.
त्रेव्ही म्हणजे ऑलिव्हच्या माथ्यावरचा अंबाडा.
आता जवळून कुरूप निघाली तरी चालतील.
वाळत घातलेले पायजमे, कचऱ्याचे डबे,
आणि माझ्यासारखीच कोणी, कॉफी देणारी,
जिला मी विचारीन, स्टेशन कुठाय?
ती बोट दाखवील
खाली, फरशीकडे.

त्रेव्ही मात्र अडून बसलं आहे.
मी पोचते रविवारी दुपारी,
आणि बसच्या वेळेपुढे छापली आहे
दोन हातोड्यांची फुली,
म्हणजे फक्त कामाच्या दिवशी.
सेत्तिमियो म्हणाला, शनिवारी जा.
गास्तोने म्हणाला, टॅक्सी कर.
लोरेदाना, माझ्या जागी उभी राहणार आहे ती,
म्हणाली, त्रेव्ही गाळूनच टाक.
मी खोडरबर हातात घेतलं,
थोडा वेळ टेबलावरचा चुरा झाडला,
ठेवून दिलं.

स्टेशनापासून गावापर्यंतची रेघ
नकाशावर बोटाच्या पेराएवढी,
पाच-सहा वेटोळी घेत चढते.
एवढी वर्षं लोकांना वर पाठवत राहिले,
मधलं काही सांगितलं नाही.
मला माहीतच नव्हतं.

रविवारच्या रकान्यात आता लिहिलंय:
दीड वाजल्यापासून, पोचेन तेव्हापर्यंत.
त्याखाली: पाण्याची बाटली. सपाट बूट.
आणि त्याच्याही खाली, पेन्सिलने,
मी सांगितलेलं नसताना,
गास्तोनेच्या तिरक्या अक्षरात:
बाक दिसेल तिथे बस.